इद्दतीतलं घर

१५ फेब्रुवारी १९९९

कापडाच्या दुकानातून दिवाळीला मिळालेली डायरी कोरीच पडली होती. आजपासून लिहायला घेतली. दुसरं करणार तरी काय? उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. शिलाईचं मशीन चालवून चालवून पाय भरून येतात.

शुक्रवारी मोहसीनने मला तलाक दिला. एकच. शेजारच्या इब्राहीमचाचांनी ठणकावून सांगितलं होतं, रागाच्या भरात तीनदा बोलायचं नाही, एकदाच म्हण आणि थांब. आता मी तीन पाळ्या होईपर्यंत इद्दतीत, ह्याच घरात. त्या मुदतीत मोहसीन नुसतं ‘परत घेतलं’ म्हणाला तरी निकाह जसाच्या तसा राहतो. तिसरी पाळी सरली की तो मोकळा, मी मोकळी. तोवर तो शिवऱ्याला हायवेच्या गॅरेजवरच्या खोलीत निजणार.

लग्नाला आठ वर्षं झाली. इतकी वर्षं ‘हे’ म्हणत आले, आता नाव घेऊन लिहिते. कोण अडवतंय?

भोरातलं हे घर दोघांच्या नावावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब, पुढे ओटा. त्याच्या टेम्पोची कमाई आणि माझ्या ब्लाउजांची. उताऱ्यावर माझं नाव चढलं तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले होते. आता ते विकायचं आणि अर्धं अर्धं घ्यायचं, असं चाचांसमोर ठरलं.

तलाक मीच मागितला. चारचौघांत म्हणाले, त्या अरिबाला रोज टेम्पोत बसवून नेता तर मला सोडा. मला वाटलं होतं तो म्हणेल, येडी हायस का. तो म्हणाला, “तुला पायजे तर घे.”

२१ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक आलं. आंबवड्याचं जोडपं. मी स्वयंपाकघरात पडद्यामागे. मोहसीन दारातूनच खाकरला, “बाई आत हाय, तिकडं जाऊ नका,” म्हणाला. बाई! आठ वर्षं शाहीन होते, आता बाई झाले.

जोडप्याला घर आवडलेलं मला आवाजावरून कळत होतं. तर हा म्हणतो काय, पाणी धड येत नाही, पावसाळ्यात भिंती घामेजतात, गल्लीत गाडी वळत नाही. सगळं खोटं. पाणी सकाळी भरपूर येतं, भिंतींना त्यानेच दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा हात मारलाय, आणि गल्लीत तो स्वतः रोज टेम्पो वळवतो. जोडपं विचार करून सांगतो म्हणून गेलं. ते कसलं सांगतंय.

माझ्या लगेच ध्यानात आलं. आलेलं गिऱ्हाईक पळवायचं, घराचं नाव खराब करायचं, आणि शेवटी अरिबाच्या नावावर स्वस्तात करून द्यायचं. माझ्या ओट्यावर ती भाजी निवडत बसणार.

२ मार्च

पहिली झाली. इब्राहीमचाचांच्या बायकोला, अन्वरीचाचींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ह्यात बाईचाच शब्द चालतो. मौलाना विचारायला येत नाहीत की काजी येत नाही. बाईने झाली म्हटलं की झाली.

आजवर घरातल्या कुठल्या गोष्टीत माझा एकटीचा शब्द चालला होता, मला आठवेना.

९ मार्च

ती आली. घर बघायला आली. हिंमत बघा!

अरिबा विंझरच्या शाळेत मास्तरीण आहे. एसटीची वेळ जुळत नाही म्हणून वर्षभर मोहसीनच्या टेम्पोतून जाते-येते. नवरा, आसिफ, सौदीत असतो. आहे म्हणे. सौदीतला नवरा म्हणजे भिंतीवरचा फोटो. पोरगी आहे पाच वर्षांची. आम्हाला मूल नाही, आणि मला वाटतं तिच्याकडे बघताना मला आधी तिची पोरगी दिसते आणि मग ती.

बाईमाणूस असल्याने ती सरळ स्वयंपाकघरात आली. मशीन खिडकीशी ठेवलंय ते बघून म्हणाली, उजेड छान येतो. फडताळाचं दार उघडून बघितलं. माझा मसाल्याचा डबा हातात घेऊन खाली ठेवला, आणि ठेवला तो उलट्या तोंडाने. मी तिच्यादेखत सरळ केला.

“आपा, तुमी लई निगुतीनं ठेवलंय घर,” ती म्हणाली. “आसिफ पुढच्या वर्साला कायमचे येत्यात. भोरात असंच घर बघत होते. भाईजान वाटंनं तुमच्या घराचंच बोलत असत्यात. घराचं न्हाईतर तुमचं.”

म्हणजे टेम्पोत बसून माझं बोलतात. हसत असतील. माझ्या रागीट स्वभावाच्या नकला करत असतील. मी चहासुद्धा विचारला नाही.

बाहेरून मोहसीन मोठ्याने म्हणाला, “स्लॅब गळतो बरं का, आपा. आधीच सांगून ठेवतो.”

स्लॅब गळत नाही. इतके पावसाळे काढलेत मी त्याच्याखाली. तिला का पळवतोय, ह्याचा मी दिवसभर विचार केला. रात्री उलगडा झाला. हिला जुनं घर द्यायचंच नाही त्याला, नवीन बांधून द्यायचंय. माझ्या वाट्याला मात्र नवं मिळालं ते मशीनसुद्धा हप्त्याने.

१९ मार्च

मोहसीन सिलिंडर बदलून गेला. संपायच्या आधीच. पडद्याआडून म्हणाला, “हवा वाढलीय, मागची खिडकी लावत जा.” मी हूं म्हटलं. जाताना ओट्यावर बसून त्याने चपलेचा अंगठा शिवला. शिवऱ्याला मोची नाही काय?

२ एप्रिल

बकरीद झाली. कुर्बानीचा वाटा घेऊन हे स्वतः आले. डब्यात वेगळी बांधून कलेजी होती. मला आवडते म्हणून आणली असं वाटायला मी काही वेडी नाही. तिकडे वाटून उरली असणार.

उंबऱ्याशी उभे राहून विचारलं, “किती राहिली?”

“कसली?”

“इद्दत.”

“दोन झाल्या,” मी पडद्यामागून म्हणाले. “लई घाई झालीय का?”

“घाई न्हाई. इचारलं आपलं.” मी पडद्याच्या फटीतून बघितलं तर ओट्याच्या कडेचा निघालेला पोपडा नखाने काढत उभे होते.

रात्री कलेजी केली. चांगली झाली होती म्हणून जास्तच राग आला.

३ एप्रिल

अन्वरीचाचींना म्हटलं, बघा, दिवस मोजतोय, कधी सुटतोय आणि कधी दुसरीला आणतोय. त्यांनी घरी जाऊन चाचांना सांगितलं असावं. दुपारी चाचा आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि पडद्याकडे पाठ करून बोलले.

“पोरी, त्याला दुसरा निकाह करायचा तर त्यो आजबी करू शकतोय. इद्दत बाईला असती, गड्याला न्हाई. त्यो कशापायी दिवस मोजंल?”

चाचा पुरुषांचीच बाजू घेणार. मी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

८ एप्रिल

आज नलूताई आल्या होत्या. पंचायत समितीत नोकरीला आहेत, चार वर्षांपासून माझ्याकडेच ब्लाउज टाकतात. त्यांच्या बाह्यांचं माप मला पाठ आहे. नवरा, दीनानाथराव, पोस्टात. भाड्याच्या घराला कंटाळल्यात. त्या आल्या की मोहसीनला कळायचं कारण नाही, आणि पडद्याचीही भानगड नाही.

मी त्यांना घर दाखवलं. पाणी सोडून दाखवलं, जिन्याने वर पाठवून स्लॅब दाखवला. मी असं घर दाखवलं, जसं लग्नाच्या मुलीला दाखवतात. त्या खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, “शाहीनताई, हे घर सोडून तुम्ही राहणार कुठे हो?” मी म्हटलं, वेल्ह्याला भाऊ आहे.

त्यांना घर पसंत. पण अक्षय तृतीयेला वास्तुशांत करायचीय, त्याआधी खरेदीखत झालं पाहिजे आणि घर रिकामं मिळालं पाहिजे. नाहीतर त्यांना दुसरीकडे एक बघितलेलं आहे. मी म्हटलं, होईल.

होणार कसं? कचेरीत सहीला मी स्वतः जायला हवं, आणि इद्दतीत मी बाहेर पडू शकत नाही. तिसरी यायला अजून पंधरा दिवस तरी आहेत.

१० एप्रिल

झोप लागत नाही. नलूताईंनी घेतलं नाही तर अरिबाच घेणार. आज दुपारी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला, ती उतरली आणि ह्या घराकडे मान वर करून बघत गेली. मी खिडकीतून बघितलं. स्लॅब गळतो सांगूनसुद्धा बघते म्हणजे बघा.

माझ्या खिडकीतल्या उजेडात तिने वह्या तपासायच्या? तिच्या पोरीने माझ्या भिंतीवर रेघोट्या ओढायच्या? आणि तो रोज पुण्याच्या मार्केटहून येऊन ओट्यावर टेकायचा? नाही. कुणाही परक्याला जाऊ दे, तिला नाही.

१२ एप्रिल

सांगितलं. अन्वरीचाचींना म्हणाले, तिसरी झाली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “इतक्यात?” म्हणाल्या. मी म्हटलं, कधी कधी लवकर येते. बाईचाच शब्द चालतो, त्यांनीच शिकवलं होतं.

तासाभराने चाचांनी शिवऱ्याला निरोप धाडला की इद्दत पुरी झाली, गिऱ्हाईक पक्कं आहे, शुक्रवारी कचेरीत यावं.

मोहसीन आज आला नाही. मला वाटलं होतं भांडायला येईल, त्याला न विचारता गिऱ्हाईक ठरवलं म्हणून. गल्लीत टेम्पोचा आवाज येतोय का म्हणून उगीच जागी राहिले.

१६ एप्रिल

सह्या झाल्या.

दोन महिन्यांनी बाहेर पडले तर ऊन डोळ्यांत घुसलं. कचेरीत बाकावर एका टोकाला तो, एका टोकाला मी, मध्ये नलूताई आणि दीनानाथराव. कारकुनाने नाव पुकारलं, आधी त्याचं, मग माझं. त्याने सही करून पेन टेबलावर ठेवलं नाही, माझ्या हातात दिलं. मी सही केली, अंगठा उठवला, पदराने शाई पुसली. नलूताईंच्या चेहऱ्यावरचा आनंद बघवत नव्हता.

ती दोघं पेढे आणायला गेली तेव्हा आम्ही व्हरांड्यात उभे होतो. आता पडदा नव्हता. तो वाळलाय. दाढी वाढलीय. मी म्हटलं, “झालं एकदाचं तुमच्या मनासारखं.”

“माझ्या?” तो म्हणाला. “चाचांचा निरोप आला इद्दत संपली, म्हणून सहीला आलो. न्हाईतर म्या येणार नव्हतो.”

“का?”

“तवर काय बी हुतं. म्हटलं, तिचा राग निवंल, हाक मारंल. गिऱ्हाइकं घालवून घालवून दमलो म्या.”

नलूताई पेढे घेऊन आल्या. मी एक खाल्ला. कसा लागला सांगता येत नाही.

संध्याकाळपासून विचार करतेय. खरं बोलला असेल का? की सही झाल्यावर बोलायला काय जातं म्हणून बोलला? खरं असेल तर दोन महिने पडद्यापलीकडे उभा राहून तोंड का शिवलं होतं? आणि माझं तरी का शिवलं होतं? तिसरी पाळी अजून आलेली नाही. हे जगात फक्त मला माहीत आहे. आता कुणाला सांगू आणि कोणत्या तोंडाने? चाचांना सांगायचं, की मी पाळीबद्दल खोटं बोलले? जमीन फाटून आत जाईन.

१७ एप्रिल

आजचं सगळं लिहायला बसलेय, पण जागा वेगळी आहे.

सकाळी घर रिकामं केलं. उद्या अक्षय तृतीया, नलूताईंकडे भटजी येणार, म्हणून त्यांची माणसं झाडू घेऊन दारात उभीच होती. माझा पसारा आणि मशीन टेम्पोत चढवलं. वेल्ह्याला दुसरा कोण सोडणार, त्याचाच टेम्पो. चाची म्हणाल्या, आता तो परका आहे, मी येते बरोबर. पण त्यांचा गुडघा सुजलेला, चाचांनी नको म्हटलं. गावातून दिवसाढवळ्या जायचंय, जाऊ दे म्हणाले.

चेलाडीला वळलो, नसरापूर मागे पडलं. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. सांगितलं आणि हा म्हणाला, आता काय उपयोग, तर? त्यापेक्षा भावाकडे राहून मनात म्हणत बसेन, सांगितलं असतं तर परत घेतलं असतं. असं काहीबाही डोक्यात चाललं होतं.

विंझर आलं आणि रस्त्याकडेला अरिबा उभी. शनिवारची सकाळची शाळा सुटलेली. तिने हात केला. मोहसीनने टेम्पो थांबवला, मान बाहेर काढून म्हणाला, “आपा, जरा थांबा. हिला वेल्ह्याला सोडतो अन् माघारी येताना तुमास्नी घेतो.”

मला सोडतो आणि तिला घेतो.

माझ्या डोक्यात काय झालं मला ठाऊक नाही. अख्ख्या विंझरच्या स्टँडवर मी ओरडून म्हणाले, “इद्दत संपलेली न्हाई माझी! खोटं बोलले म्या. तिसरी आलीच न्हाई अजून.”

पानाच्या टपरीवरची माणसं बघायला लागली. अरिबाने ओढणी तोंडावर घेतली. मोहसीनने इंजिन बंद केलं.

“चाचांफुडं खोटं बोललीस?”

“व्हय.”

“कशापायी?”

“हिनं घर घेऊ नये म्हणून,” मी अरिबाकडे बोट दाखवलं.

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मला वाटलं आता उतर म्हणेल. मग तो खिडकीतून म्हणाला, “आपा, तुमी ऐकताय न्हवं? तुमी साक्षीला. म्या हिला परत घेतली.”

“अल्हमदुलिल्ला,” अरिबा म्हणाली आणि रडायलाच लागली. तिला कशाला रडायला हवं होतं? मला उलट तिच्या रडण्याचा राग आला, कारण मला रडू येत नव्हतं.

टेम्पो तिथेच वळवला. अरिबा पुढेच बसणार, मागे माझं मशीन. ती चढायला लागली तेव्हा मी खिडकी सोडली आणि सरकून मधे बसले. ह्यांच्या खांद्याला माझा खांदा लागत होता, आणि गिअर टाकताना दरवेळी माझा गुडघा आड येत होता. मी काही तो बाजूला घेतला नाही.

अरिबाला भोरला उतरवल्यावर ते म्हणाले, “काल कचेरीत सांगितलं असतंस तर सही केली नसती.” मी म्हटलं, आता नलूताईंना सांगू या. ते म्हणाले, “त्यांची आमंत्रणं गेली. त्यांनी आपलं काय वाईट केलंय?”

आता शिवऱ्याला गॅरेजवरच्या खोलीत बसून लिहितेय. एकच खोली. ट्रक गेला की भांडी हलतात. चाचांना हे स्वतः सांगून आले. चाचांनी मला बोलावलं नाही, हे त्यांचे उपकार.

२९ एप्रिल

तिसरी आली. चाचींना सांगायची गरज नव्हती, तरी बसने जाऊन सांगून आले. त्या हसून हसून पलंगावर आडव्या झाल्या.

९ मे

नलूताईंनी ब्लाउजांसाठी बोलावलं होतं. त्या शिवऱ्याला कशाला येतील, मीच गेले.

दारावर तोरण. त्यांनी ओट्याला फरशी लावलीय, लाल. स्वयंपाकघरातलं फडताळ काढून टाकलं आणि तिथे फ्रीज आणलाय. मशीनच्या खिडकीत कोथिंबिरीच्या कुंड्या. “बसा ना शाहीनताई,” त्या म्हणाल्या. मी बसले. कुणाकडे गेल्यावर बसतात तशी, टोकावर. अरिबाचा कधी आला नव्हता इतका राग मला त्या क्षणी ह्या बाईचा आला, आणि तिचा बिचारीचा काय दोष? मीच पाणी सोडून दाखवलं होतं.

चहा देताना त्या सहज म्हणाल्या, “परवा संध्याकाळी मोहसीनभाऊ आले होते. ओट्यावर बसले थोडा वेळ. आत या म्हटलं तर नको म्हणाले. मागच्याही आठवड्यात आले होते. काही हवं होतं का त्यांना?”

मी म्हटलं, नाही, इकडे माल पोचवायला येतात.

मला तर पुण्याच्या मार्केटला उशीर झाला असं सांगितलं होतं. दोन्ही वेळा.

बसमध्ये शिवरे येईपर्यंत मनात प्रश्न जुळवत होते. नेहमी जुळवते तसे, पहिला कोणता आणि तो काय म्हणेल मग दुसरा कोणता. संध्याकाळी ते आले, हातपाय धुतले, उशीर झाला म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं. कशापायी उशीर झाला ते मला चांगलं माहीत होतं, त्या घरापायी, आणि ते मीच घालवलं होतं. मी काही विचारलं नाही. भाकरी वाढली आणि त्यांच्याबरोबरच जेवायला बसले.